अजीजाच्या नावापुढं ‘रूम’

मौला सीटवाल्याचा राग नाकावर असतो, हे सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास कुणालाही विचारा. रिक्षा, स्कूटर, टेम्पो, कसलीही सीट असो, कुणी हलका फोम मागितला की मौला त्याला सरळ दुकानाची पायरी उतरायला लावतो. "बूड तुमचं, पण नाव माझं जातंय," असं तोंडावर सांगतो. अक्कलकोटचा बसप्पा रिक्षावाला असा तीनदा हाकलला गेला आणि चौथ्यांदा गपगुमान चांगला फोम घालून घेऊन गेला. मौलाच्या घरात बोलणं दखनी उर्दूत चालतं, पण तो तापला की मराठीत येतो. त्याच्या बायकोला, अजीजाला, त्यावरूनच अंदाज येतो की आज जेवण सुखाचं होणार नाही.

असला हा माणूस एकाच माणसापुढं मान खाली घालायचा. थोरला भाऊ शाकीर. बाप वारला तेव्हा मौला नऊ वर्षांचा होता. शाकीरनं त्याला वाढवलं, हाताला धरून काम शिकवलं, लग्न लावून दिलं. आता शाकीरचा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, दारात दोन गाड्या आहेत. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मौलानं त्याच्यासमोर एकदाही आवाज चढवला नव्हता.

मौलाची एकुलती एक मुलगी आयत. ती किरगिझस्तानात बिश्केकला डॉक्टरकी शिकते, तिसरं वर्ष. जाऊन अडीच वर्षं झाली, मध्ये एकदाही घरी आली नाही, कारण फी भरली की जाण्यायेण्यापुरतं काही उरत नाही. मग राहतो तो रविवार. दुपारी चार वाजता आयतचा व्हिडिओ कॉल येतो. अजीजा फोन पिठाच्या डब्याला टेकवते, काय खाल्लं, केसांना तेल लावतेस का, खोकला गेला का, हे सगळं विचारून घेते. मौला एकच विचारतो, "थंडी भोत है क्या?" आणि मग नुसता बघत बसतो. आठवड्यात हा माणूस तेवढा अर्धा तास शांत असतो म्हणा ना.

त्या अर्ध्या तासावर घाला पडला तो ऑक्टोबरात. शाकीरच्या थोरल्या मुलानं, उमरनं, मोबाईलवर कुणीतरी बर्फावरून सर्रकन घसरत जाताना बघितलं आणि त्याच्या डोक्यात शिरलं की नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी स्कीइंगला जायचं. कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता. बिश्केकच्या वरच्या डोंगरात रिसॉर्ट आहे आणि घरची पोरगी तिथं आहे. रशियन तिला येतं. हॉटेल, टॅक्सी, बूट, काठ्या सगळं ती बघेल. मग पुढच्याच रविवारी चार वाजता शाकीर, त्याची बायको शगुफ्ता भाभी, उमर, सून आणि दोन पोरं, एक तर अजून कडेवरचं, असं अख्खं लटांबर मौलाच्या दोन खोल्यांत हजर. कारण काय, तर कॉल इथं येतो.

"आणि अजीजालाही नेऊ," शाकीर म्हणाला. "तिकीट माझं. तू दुकान बघ."

अजीजानं चहाचा ट्रे होता तिथंच खाली ठेवला. आयत गेली तेव्हा तिनं आशेनं पासपोर्ट काढून ठेवला होता, तो पेटीतून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तिनं लोकरीचे मोजे आणले आणि सोलापूरच्या ऑक्टोबरात, पंखा पाचवर असताना, ते घालून घरभर फिरायला लागली. सवय व्हायला पाहिजे म्हणे. मौलाला हसू आलं. मनातून मात्र त्याला भावाच्या पाया पडावंसं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण पुढचे रविवार कसे गेले ते ऐका. फोन डब्याला टेकला की पुढं उमर बसायचा. आयत, बुटांचा नंबर आपल्यासारखाच असतो का? आयत, अब्बांची कंबर चव्वेचाळीस आहे, तेवढी पँट भाड्यानं मिळेल का? आयत, तिथं घोड्याचं मटण देतात म्हणे, मग आम्ही खायचं काय? भाभीचं वेगळंच, बुरख्यावरून जॅकेट घालायचं की जॅकेटवरून बुरखा. मोठं पोर हॉलमध्ये गुडघे वाकवून, पाय फाकवून सतरंजीवरनं घसरायचं. पोरगी बिचारी रात्रभर अभ्यास करून लाल झालेल्या डोळ्यांनी सगळं लिहून घ्यायची. "हौ भाई, विचारते." मागं अजीजा पदराला हात पुसत उभी असायची, आपली पाळी येईल म्हणून. ती यायच्या आत पोरीची अभ्यासाची वेळ व्हायची.

मौला भिंतीला टेकून बघायचा. तळपायाची आग मस्तकात जायची, पण समोर भाईजान. मग ती आग सोमवारी गिऱ्हाइकावर निघायची. एका आठवड्यात त्यानं सहा जणांना हाकललं.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघरवाली जागा घ्यायची ठरली, तेव्हाच मौलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. ज्वारीचं पीठ, डाळी, मसाला, शेंगाची चटणी, सगळ्याची यादी भाभीनं अजीजालाच करायला लावली. "तुझ्या हातची चव न्यारीच गं," म्हणाली. अजीजानं यादी केली. मौला तेव्हाही गप्प राहिला, बायकोच्या पायातले मोजे बघून.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उमरनं कारखान्याच्या ऑफिसातून छापून आणलेला प्रोग्राम सगळ्यांना वाटला. रंगीत कागद, सहा दिवस, प्रत्येकाच्या नावापुढं रकाना. कॉल चालू होता. मौलानं चष्मा चढवला. शाकीरपुढं ‘स्कीइंग’, भाभीपुढं ‘रोपवे’, उमर आणि सुनेपुढं ‘स्कीइंग’, मोठ्या पोरापुढं ‘स्की स्कूल’. आयतपुढं ‘सगळ्यांसोबत’. अजीजापुढं पहिल्या दिवशी ‘रूम, जेवण, बाळ’. दुसऱ्या दिवशी ‘रूम, जेवण, बाळ’. सहाव्या दिवसापर्यंत तेच.

मौलानं कागद दोनदा वाचला. मग मराठीत विचारलं, "उमर, आयत तुमच्यासंगं डोंगरावर. तिची आई खाली रूममधी. मग ह्या दोघी एकमेकींना भेटणार कवा?"

"रात्री भेटतीलच की," भाभी म्हणाली. "आता एवढ्या लांब जायचं, तर बाळाला कुणीतरी धरायला नको का?"

बस. चोपन्न वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. "धरायला बाई पायजे तर पगार देऊन न्या. माझी बायकू तुमच्या भाकऱ्या थापायला सात समुद्रापार येणार न्हाय. आन माझी पोरगी तितं शिकायला गेलीया, तुमच्या काठ्या उचलायला न्हाय. सहा-सात रविवार झाले, त्या माऊलीला पोरीशी चार शब्द बोलू दिले न्हाईत तुमी. लाज वाटत न्हाय?"

"मौला," शाकीर एवढंच म्हणाला.

"मौला मेला," मौला म्हणाला. "उठा आता."

शाकीर उठला. चहा तसाच राहिला. दारात वळून त्यानं सांगितलं, "माझ्या घरी येऊन, सगळ्यांसमोर चुकलो म्हण. बुधवारपर्यंत. नाहीतर अजीजाच्या जागी शगुफ्ताची बहीण येईल." फोनवर आयतचा चेहरा तसाच दिसत होता. मग कॉल कट झाला.

मौलाला वाटलं, बायको म्हणेल, शाबास, माझी बाजू घेतलीत. अजीजानं मोजे धुवून दोरीवर टाकले. सोमवारी ताट वाढलं आणि पाठ फिरवली. मंगळवारी तेच. बुधवारी दुपारी मौला जेवायला आला तेव्हा चूल थंड होती आणि अजीजा पाटावर बसलेली.

"जेवायला?" त्यानं विचारलं.

"भाईजानकडं जाऊन या. मग वाढते."

"तुला मोलकरीण करून नेत होते ते."

"मला कळत नव्हतं व्हय?" तीस वर्षांत अजीजाचा असला आवाज मौलानं ऐकला नव्हता. तीही मराठीत आली होती. "पयल्याच रविवारी कळलं मला. भाकऱ्या मी हितं बी थापते, तितं बी थापल्या असत्या. बाळ काय, दोन बाळं सांभाळली असती. पर संध्याकाळी दार उघडून माझी पोरगी आत आली असती का न्हाय? तेवढंच मला पायजे होतं. मान मी मागितला होता तुमाला? तुमी भांडलात ते तुमच्यासाठी. जीव हलका झाला तुमचा. माझं काय?"

मौलाला राग होता, चांगला फणफणता, पण आता तो कुणावर काढायचा हेच कळेना. त्यानं स्कूटर काढली. अजीजा मागं बसली, म्हणाली, तुमचा भरवसा नाही.

शाकीर हॉलमध्ये नवं जॅकेट घालून बघत होता, डोक्यावर पंखा गरगरत होता आणि कपाळावर घामाच्या धारा. सगळे जमले. मौला उभा राहिला.

"भाईजान, चुकलो."

"काय चुकलास?"

"बोललो ते."

"आणि?"

मौलाचे दात दातावर आले. मागं अजीजा उभी आहे हे त्याला न बघताही ठाऊक होतं. "आवाज चढवला."

"ठीक आहे. बस, पाणी घे," शाकीर म्हणाला आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. मौला बसला नाही.

येताना त्याचे कान लाल झाले होते. सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली, तसा मागं न वळता म्हणाला, "एक काम कर. तितं गेल्यावर एक दिवस सकाळीच आयतला घे आन निघून जा. कुटं बी जा. फोन बंद ठेव. त्यांचं बाळ, त्यांची भाकरी, बघू दे त्यांचं त्यांना."

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

"एक न्हाय, दोन दिवस," अजीजा म्हणाली. "तुमी दुकानात गेलात की आयत फोन करती मला, आमचं दोघींचं कवाच ठरलंय. चला आता, भूक लागली असंल."