यंदा तारखा मी वाचल्या

वाघोलीत आमची खानावळ आहे. बायकोनं उभी केली, मी भाजी आणायचो. गेल्या पावसाळ्यात ती गेली. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, कॉम्प्युटरचं मला विचारू नका. पण झालं ते सांगतो.

डब्याच्या ऑर्डरी मोबाइलवर येतात आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या मशीनमधून चिठ्ठ्या निघतात. मधलं जोडकाम आमच्या एका भाडेकरूनं करून दिलं होतं. हिंजवडीला नोकरी करायचा, पुढे जर्मनीला गेला. संकष्टीला ज्यांचा उपास, त्यांच्या चिठ्ठीवर आपोआप ‘खिचडी’ यायचं. मला वाटायचं, मशीनला पंचांग कळतं.

नवीन वर्ष लागलं आणि पहिल्याच संकष्टीला सगळ्या चिठ्ठ्यांवर पोळी-भाजी. आम्ही तीच पाठवली. दुपारी समोरच्या सोसायटीतल्या बाईंचा फोन. शाळेतून निवृत्त झालेल्या, आमचं पहिलं गिऱ्हाईक.

“तुमच्या मंडळी असताना असं कधी झालं नाही. पुन्हा झालं तर डबा बंद.”

डबा बंद झाला असता तर एक वेळ चाललं असतं. पण हिनं जोडलेलं माणूस माझ्या हातून तुटायला नको होतं.

सून कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. ती मशीनपुढे बसली. “बाबा, हे कसं चालतं ते कुठे लिहून ठेवलंय?”

“तुझी सासू आमटीत मीठ किती घालायची, ते लिहून ठेवलंय का?”

“नाही ना. म्हणून तर रोज खारट होते.”

ती म्हणाली, “आत अजून काय काय दडलंय कुणाला ठाऊक. न विचारता हात लावला तर चिठ्ठ्याच बंद पडतील.”

मग भाडेकरूला फोन लावला. तो म्हणाला, “काका, पंचांग कसलं! दर डिसेंबरात काकू फोनवर संकष्ट्या वाचायच्या, मी भरायचो. यंदा फोन आला नाही. तुम्हाला विचारायचं कसं, तेच कळेना.”

मग त्यानं एकेक गोष्ट समजावली आणि सुनेनं सगळं मराठीत लिहून काढलं. कागद फ्रिजवर चिकटवलाय. मलाही कळतो, म्हणजे कुणालाही कळेल.

तारखा मात्र मी वाचल्या. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, चष्मा लावला, एकेक महिना उलटत गेलो. अंगारकी आली तेव्हा आवाज जरा चढला. हिचाही चढत असणार.

पुढच्या संकष्टीला खिचडी वेळेवर गेली. बाईंचा फोन आलाच.

“मीठ जास्त होतं.”

“अहो बाई, मीठ मशीन घालत नाही, मी घालतो.”

“मग कमी घाला. उद्या पोळ्या तीन पाठवा.”

तीन पाठवल्या.