झिपरूच्या नातवाची वडोद्याची तयारी

सुकलाल गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सुरतेत पर्वत पाटियाच्या नाक्यावर चहा पीत होतो. त्याचा मुलगा कडोदऱ्याहून स्कूटरवर आला, म्हणाला, "काका, पप्पा झोपेतच गेले." मी आधी चहा संपवला. लोकांना वाईट दिसलं असेल, पण सुकलालने चहा टाकू दिला नसता... त्याला आता महिना होऊन गेला. मी शिकलो दुसरीपर्यंत, तरी हा लेख मीच लिहिणार असं घरात सांगून टाकलंय. जन्मभर आम्ही शेजारशेजारचे लूम चालवले. त्याच्याबद्दल दुसरा कोण लिहील?

त्याला एकच सल होता. त्याचा आजा झिपरू गायकवाडी मुलखात, सोनगडच्या जंगलवाटेने टपालाची थैली घेऊन धावायचा. एकदा गेला तो परतलाच नाही. भाऊबंद म्हणत, बायको-पोरं टाकून पळाला. आजी मरेपर्यंत सांगत राहिली, की तो तसा माणूस नव्हता. लग्नकार्यात कोणीतरी टोमणा मारायचं आणि सुकलाल ताटावरून उठायचा. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीने रिकामी झालेली सुरत पुन्हा भरली, त्या हिवाळ्यात त्याला कळलं की गायकवाडी कागद वडोद्याच्या सरकारी दफ्तरखान्यात जपून ठेवलेत. अर्ज केला, परवानगी आली. सोबत नियमही आले. पेन नाही, तंबाखू नाही, मोठ्याने बोलायचं नाही, कागद जपून हाताळायचा.

तंबाखू त्याने त्याच दिवशी सोडली. कागदाची तालीम मात्र त्याच्या बायकोच्या, शेवंतावहिनींच्या बिबड्यांवर झाली. आमच्या खान्देशात ज्वारीचे हे पापड इतके पातळ करतात की उचलताना श्वास धरावा लागतो. सुकलाल चळत पुढ्यात घेऊन एकेक बिबडा पानासारखा उलटायचा, मलाही उलटायला लावायचा. माझ्या हाताने दोन मोडले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, माझे बिबडे मोडले तर तळून खाता येतात. सरकारचा कागद तळणार का?" खरी पंचाईत आवाजाची होती. आम्ही लूमवाले. त्या खटखटाटात ओरडून ओरडून असा गळा झालेला, की घरात मीठ मागितलं तर शेजारीण आणून देते. सुकलाल कानात बोलायची सवय करू लागला, तर वहिनींना वाटलं त्याचा घसा बसला. दोन वेळा काढा पाजला.

वडोद्याला त्याने गुजराती कागदांचे गठ्ठे असे उलटले, की तिथला शिपाईही बघत राहिला. मी नुसता शेजारी बसून होतो. संध्याकाळ व्हायला आली, लोक उठू लागले, आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. मग सगळी तालीम पाण्यात घालून सुकलाल लूमवर ओरडावं तसा ओरडला, "मन्हा आजा पयना नही रे भाऊ!" माझा आजा पळाला नाही, हे थेट आमच्या अहिराणीत. समोरच्या बाईंच्या हातून पेन्सिल पडली. दफ्तरखान्याचे साहेब चष्मा काढत आले. मी पिशवी उचलून उभा राहिलो, म्हटलं, काढलं आता बाहेर. साहेबांनी विचारलं, "शुं थयुं, काका?" सुकलालने कागद अलगद त्यांच्याकडे फिरवला. साहेबांनी वाकून ओळ पाहिली, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी स्वतःच वाचली... डाकवाला झिपरू पुरात नदी ओलांडताना थैलीसकट वाहून गेला.

परतताना गाडीत तो कधी रडायचा, कधी हसायचा, आणि समोर बसेल त्याला सांगायचा. त्यानंतर एक लग्न चुकवलं नाही. पंगतीत सर्वांत शेवटी उठायचा, वर मठ्ठा मागायचा. कोणी टोमणा मारतंय का, याची वाटच बघायचा लेकाचा! आणि दाराला पाटी लावली, सुकलाल दगडू झिपरू अहिरे. पेंटर म्हणाला, आजोबाचं नाव कोण लिहितं? सुकलाल म्हणाला, "जागा कमी पडली तर माझं बारीक लिही."

आता वहिनी मुलाकडे राहायला गेल्या. ती पाटी मीच उतरवून कडोदऱ्याला नेली. मुलगा दाराशी धरून बघत म्हणाला, "काका, एवढी लांब पाटी फ्लॅटच्या दारावर बसत नाही."

मी म्हटलं, "मग दार मोठं कर."