दम कोंडलेली लारी

धोंडूदादा मोटारीचं इंजिन दातांनी ऐकत. त्यांच्याजवळ हातभर लांबीची बांबूची काठी असे. तिचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. तेवढा वेळ आमच्या वखारीच्या अंगणात कोणी खोकायचं नाही. एकदा नेमक्या त्याच वेळी आमच्या आईनं आमसुलं वाळत घालताना सूप आपटलं, तर दादांनी काठी बाहेर काढून तिला कोपरापासून हात जोडले. दातांनी कसलं ऐकता, असं कोणी विचारलं की म्हणत, "कानाला वाऱ्याचा आयकू येतो, बायकोचा पण आयकू येतो. दाताला फकस्त इंजिनाचा."

दादा रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोठ्या आगबोटींच्या इंजिनखान्यात काढली होती. आधी कोळसा मारला, मग यंत्रांना तेल घातलं. एडनचा उकाडा आणि लंडनची थंडी यांबद्दल ते एकाच तुच्छतेने बोलत. घरी परतले तेव्हा रत्नागिरीत मोटारी नुकत्याच वाढू लागल्या होत्या आणि त्या बिघडल्यावर काय करायचं हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. दादांना ठाऊक होतं, निदान तसं ते छातीठोकपणे सांगत. गर्व म्हणाल तर पोतंभर. पण कोणाची मोटार वाटेत अडली म्हणून निरोप आला, तर पुढ्यातलं माशाचं कालवण टाकून उठणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

माझे थोरले बंधू आप्पा आंब्याचा व्यापार करत. त्यांनी एक जुनी लारी घेतली. आंबा घाटाने कोल्हापूरला पेट्या पोचवायच्या, असा बेत. लारी चालवायला शिवराम होता, पालीकडचा, नुकतं लग्न झालेला, अबोल. मी मालाबरोबर जात असे. लारीची देखभाल दादांकडे. ते तिला बोटच म्हणत. शिवरामला "सुकाणू धर" म्हणून सांगत आणि दर आठवड्याला तिचं अंग न् अंग तपासत. भोक नावाची गोष्ट त्यांना खपत नसे. टपाचं भोक, फळीची फट, दिसेल तिथे काथ्या कोंबून वरून राळ लावायची, होडीला लावतात तशी. "दर्यात भोक ठेवून कोण जगलाय काय?" हा त्यावरचा त्यांचा सवाल. घरात पाटावरवंट्याला भोक नव्हतं म्हणून तेवढा तो सुटला, असं त्यांची बायको म्हणे.

एका हंगामात मात्र लारीचा दमच जाऊ लागला. रत्नागिरीतून निघताना गडी कसा ताजातवाना. हातखंबा मागे पडला की रडगाणं सुरू. चढ आला की इंजिन धापा टाकायचं, गाडी बैलाच्या चालीने सरकायची आणि शेवटी उभी राहायची. तासभर थांबलं की पुन्हा चालू. पुन्हा थोडं गेलं की तेच. दोनदा पेट्या घाटाखालीच पिकल्या. उघडल्या तेव्हा वासानेच कळलं की आता हे आंबे फक्त आटवायच्या कामाचे.

दादांनी काठी दातांत धरली. प्लग काढून घासले, पेट्रोलची नळी फुंकली, कार्बुरेटर खोलून पुसला. रॉकेलची भेसळ आहे का म्हणून टाकीचं झाकण काढून पेट्रोलचा वास घेतला. इंजिन चालू केलं तर खणखणीत आवाज. तीनदा असंच झालं. शेवटी काठी खाली ठेवून दादा आप्पांना म्हणाले, "इंजिन निर्मळ हाय. त्याला काय दुखणा नाय. दुखणा असंल तर माणसात असंल."

ते सहज बोलून गेले असतील. पण दादांचं बोलणं आमच्याकडे कोर्टाच्या निकालासारखं चाले. लगेच कोणी म्हणालं, शिवराम वाटेत पेट्रोल विकतो आणि टाकीत रॉकेल भरतो. पालीच्या दुकानात त्याच्या हातात डबा कोणी तरी पाहिल्याचंही निघालं. मी रोज त्याच्या शेजारी बसत होतो. मी आप्पांना सांगितलं की असं काही झालेलं नाही. आप्पा म्हणाले, "नाना, तू झोपतोस गाडीत." ते खरंच होतं, त्यामुळे माझी साक्ष तिथेच संपली. आप्पांनी शिवरामला काढून टाकलं. तो आपलं फडकं खांद्यावर टाकून निघून गेला. मुंबईच्या बोटीने गिरणीत काम शोधायला जाणार, एवढं आम्हाला दुसऱ्याकडून कळलं. चोर ठरलेल्या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

तो निघायचा त्या दिवशी सकाळी दादा रिकामी लारी घेऊन स्वतः निघाले, मला शेजारी बसवून. "बघूया, माज्या हातात कशी रडते ती." हातखंबा गेला आणि ती रडली. पुढच्या चढावर तर थांबलीच. दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आता माणूस बदलला होता, आणि दुखणं तेच होतं.

ते खाली उतरले. भर उन्हात लारीभोवती फिरले. मग सवयीने पेट्रोलचा वास घ्यायला टाकीचं झाकण फिरवलं, आणि टाकीने सुस्सकन वारा आत ओढला. अंगणात इतकी माणसं बडबडत की तो आवाज कधी ऐकू आला नसता. शिवाय तिथे पोचेपर्यंत थोडाथोडा वारा आत झिरपलेला असे, टाकी अशी उपाशी नसेच. दादांनी हातातलं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला राळेचा गुळगुळीत थर होता. झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याच्या जागी वारा आत यायला हवा, नाहीतर पेट्रोल उतरत नाही. रस्त्याची तांबडी धूळ टाकीत जाते म्हणून दादांनीच ते भोक हंगामाच्या सुरुवातीला बुजवून टाकलं होतं. आणि अंगणात तपासायला झाकण उघडलं की दर वेळी उरलासुरला वारा आत शिरायचा, इंजिन बरं व्हायचं.

दादा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. झाकण तळहातावर धरून म्हणाले, "बोटीत भोक म्हंजे मराण. हिच्यात भोक म्हंजे श्वास. आणि तो मी कोंडला, नाना. पोराचा पण कोंडला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ते बघवेना म्हणून मी खिळा शोधायला लागलो. खिळ्याने भोक मोकळं केलं आणि लारी परत फिरवली, ती थेट बंदराकडे. येताना तिने एकदाही दम टाकला नाही.

बंदरावर बोट दूर खोल पाण्यात उभी होती आणि उतारू तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावांत चढत होते. शिवराम पत्र्याच्या पेटीवर बसला होता, बायको पदराने डोळे पुसत शेजारी. धक्क्यावरचे निम्मे खलाशी दादांना मानणारे, काही तर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्या सगळ्यांसमोर दादा ओरडले, "आयका रे! लारी मी बिघडवली. टाकीचा भोक ह्या हातांनी बुजवला. ह्या पोरानं पयल्याच दिवशी सांगितलान, दादा, टाकीचा झाकण बघा. मी मस्तीत आयकला नाय!"

मी चाटच पडलो. शिवराम असं काही बोललाच नव्हता. तो बोलायला तोंड उघडत होता, तर दादांनी त्याचा दंड असा आवळला की त्याने ते मिटलं. मग त्याची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन दादा चालू लागले. आप्पांनी त्याला त्याच संध्याकाळी पुन्हा कामावर घेतलं.

पुढे मी दादांना विचारलं, चूक कबूल केलीत ते ठीक, पण ही थाप कशाला? ते म्हणाले, "चूक माजी, एवढाच सांगितला असता तर लोक बोलले असते, म्हातारा पोराला सांभाळून घेतोय. चोरीचा डाग ऱ्हायला असता. पण ज्याला धोंडूपेक्षा जास्ती कळला, त्याला चोर कोण म्हणंल?"

त्यानंतर ती गोष्ट दादा जिथे बसत तिथे सांगत. लोक आपला पराक्रम फुगवून सांगतात, दादा आपला मूर्खपणा फुगवत. दर खेपेला ते जास्त अडाणी होत आणि शिवराम जास्त हुशार. शेवटी शेवटी तर शिवरामने नुसता हात लावून दुखणं ओळखलं होतं. परिणाम असा, की लोक नादुरुस्त मोटारी शिवरामकडे नेऊ लागले. बिचाऱ्याला यातलं काही येत नव्हतं. मग दादा त्याला गुपचूप शिकवू लागले, आणि चारचौघांत त्यालाच विचारू लागले, "काय रे शिवराम, तुला काय वाटता?" बघता बघता त्याला खरंच येऊ लागलं.

दादा तापाने गेले. फार दिवस अंथरुणाला खिळले नाहीत. दहाव्याला समुद्रावर आम्ही सारे जमलो होतो. पिंडाला कावळा शिवला आणि माणसं उठू लागली, तसा शिवराम पुढे आला. एवढ्या लोकांत बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणाला, "झाकणाचा मी काय सांगितला नव्हता. मला तवा कायसुदीक कळत नव्हता. दादांनीच शोधला. माज्यासाठी खोटा बोलले ते."

उठलेली माणसं परत बसली. मग एक म्हातारा खलाशी चिडून म्हणाला, "शिवराम, शिकलास म्हणून नम्रपणा किती दावशील? दादाला खोटा पाडतोस, तो पण आज?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. शिवराम रडकुंडीला येऊन माझ्याकडे वळला. "नाना, तुमी होतात. तुमी सांगा ह्यांना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "दादा सांगायचे तसंच झालं होतं."