चहा संपेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही

गॅरेजमधले किस्से काळ्या ऑइलसारखे असतात. कितीही निथळून काढा, तळाशी थोडे उरतातच. आमच्या पोलादपूरच्या गॅरेजात दोन वर्षांत माझ्याकडे इतके साचलेत, की आता थोडे बाहेर काढणं भाग आहे!

मी कोइंबतूरला चार वर्षं ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकले. वर्गातली बाकीची मंडळी कंपन्यांत गेली. मी म्हटलं, शिकलेलं आपल्या तालुक्यात न्यायचं! मोठ्या आवेशात परत आले. बॅगेत प्रेशर गेज, फीलर गेज आणि एक जाड वही. मला वाटलं होतं, दत्तामामाच्या गॅरेजबाहेर आजारी गाड्यांची रांग असेल, मी गेज लावीन, आकडा वाचीन, आणि माणसं थक्क होऊन बघत राहतील.

पहिल्या दिवशी मामाने माझ्या हातात दिली चहाची किटली!

"आधी गिऱ्हाइकाला चहा. चहा संपेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही."

"अहो मामा, वेळ किती जातो त्यात!"

"वेळ जात नाही गं, माहिती येते. गाडीला तोंड नाही, मालकाला आहे. त्याला बोलू दे."

चार वर्षांत कुठल्याच पेपरात हा प्रश्न आला नव्हता.

* * *

आमच्या गावातले एक वकीलसाहेब रोज महाडच्या कोर्टात जायचे. गाडी जुनी टर्बो डिझेल. आता टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. फिरतो भन्नाट आणि तापतोही तसाच. हायवे मारून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, की त्याच्याकडे जाणारं तेल बंद पडतं आणि बेअरिंग जळतात. वकीलसाहेबांनी असा एक टर्बो घालवलेला होता.

मी त्यांना आकृती काढून समजावलं. ते म्हणाले, "समजलं." आणि दुसऱ्याच दिवशी महाडहून येऊन गॅरेजसमोर गाडी लावली, लगेच किल्ली फिरवून बंद!

मग मामाने विचारलं, "साहेब, तुमचं एखादं रोजचं स्तोत्र आहे का?"

"आहे ना. दोन-अडीच मिनिटांचं."

"मग ते घरी म्हणू नका. कोर्टासमोर गाडी उभी केली, की इंजिन चालू ठेवून म्हणा. संपलं की किल्ली."

टर्बो वाचला. पण सहा महिन्यांनी वकीलसाहेब पेढे घेऊन आले. रोज सकाळी ते गाडीत डोळे मिटून, हात जोडून बसलेले लोकांना दिसत होते.

"मला देवस्थानच्या कमिटीवर घेतलंय हो!"

* * *

आमच्याकडे गणूदादा म्हणून फिटर. वय साठीच्या पुढे, गाव वर डोंगरात. शाळा चौथीपर्यंत. माझी वही बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "यात काय लिवतंस गो?"

"गाडीची लक्षणं, दादा."

"आनि गाडी बरी झाली की?"

"तेही लिहिते."

"मग लिव. आजारी असतानाचंच लिवून ठेवलं तर गाडीला वाईट वाटंल."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी खरंच प्रत्येक पानाखाली 'बरी झाली' असं लिहायला लागले. अजून लिहिते.

* * *

एकदा वरच्या वाडीचे धोंडूकाका आले. त्यांची चार म्हशींची दावण. आसपासच्या घरांचंही दूध गोळा करून जुन्या डिझेल गाडीतून ते खाली पोलादपूरला आणायचे. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "माज्या गाडीत लोनी येतंय."

मी वही उघडली. "म्हणजे नक्की काय होतं?"

"लोनी म्हंजी लोनी! कॅनात दूध भरून निगतो आनि खाली येईस्तोवर वर गोळं तरंगतात. डेरीवाला म्हनतो, काका, घुसळून आनू नका."

मी विचारलं, "स्टिअरिंगला कंप जाणवतो का? वेग किती असताना? मागून की पुढून?"

काका उठले, गाडीतून फडक्यात बांधलेला लोण्याचा गोळा आणला आणि माझ्या वहीवरच ठेवला.

"ह्यो घे रिपोर्ट!"

गणूदादांनी गोळा उचलून हातावर तोलला. म्हणाले, "पावशेर हाय. मागचे बुश गेलेत, पट्ट्यांची पन एक पात तुटली आसंल." गाडीखाली शिरलो. सांध्यांतले रबरी बुश झिजलेले, स्प्रिंगची एक पट्टी तुटलेली, दोन्ही खरं निघालं!

* * *

आता बाईंबद्दल सांगते. त्या महाडच्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमानही शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी निवृत्तीच्या वेळी हौसेने एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली आणि वर्षभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई गाडी चालवायला शिकल्या.

दर शनिवारी त्या सरांना महाडजवळच्या साव गावच्या कुंडांवर नेत. तिथल्या गरम पाण्यात पाय सोडून सर तासभर बसत. आठवड्यात त्यांना हवंसं वाटणारं तेवढं एकच.

पण गाडी चढाला ओढेना, मागून काळा धूर ओके, आणि धक्के तर असे, की सरांची मान सावरायला बाईंनी तीन उशा बांधलेल्या.

चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "महिनाअखेर मुलगा मुंबईहून येतोय. म्हणतो, विकून टाकू. त्याचंही चूक नाही. पण गाडी गेली की साव संपलं. एसटीत सर चढू शकत नाहीत. महिना आहे तुझ्याकडे. जमेल?"

"जमेल, बाई!" मी म्हटलं. इतक्या जोरात, की मामाने वळून पाहिलं.

"मग आधी सांग, टर्बो म्हणजे काय? सोप्या मराठीत."

मी पाच मिनिटं बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि त्याच इंजिनाला वारा घालायचा. एवढंच ना?"

"हो."

"मग एवढंच सांगावं."

* * *

तीन दिवस मी त्या गाडीशी झटले. फिल्टर बदलला, डिझेलची लाइन तपासली. शेवटी निदान केलं, टर्बो गेला. नवा घालायचा तर गाडीच्या निम्म्या किमतीचा. म्हणजे मुलगा म्हणतो तेच खरं, विका! बाईंना हे कसं सांगायचं, या विचाराने मला जेवण जाईना.

गणूदादा म्हणाले, "घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आनतो." चढावर जोर देऊन आले, बॉनेट उघडलं आणि टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी पाइपावरून नुसता अंगठा फिरवला. क्लिपच्या मागे, खालच्या बाजूला, तेलकट धुळीची एक बारीक ओली रेघ होती. तिथे पाइप चिरलेला. गाडी उभी असताना चीर मिटलेली, म्हणून मला दिसली नव्हती. चढावर हवेचा जोर आला की ती उघडायची आणि सगळा वारा बाहेर. इंजिनाला डिझेल मिळायचं, हवा मिळायची नाही, म्हणून काळा धूर!

"टर्बो मेला नाय गो पोरी," गणूदादा म्हणाले, "त्याचा शर्ट फाटलाय."

मी मोरीपाशी जाऊन तोंड धुतलं. रडले होते हे दिसू नये म्हणून. मामाने किटली चुलीवर ठेवली.

* * *

ओढ परत आली. राहिले धक्के. त्या शनिवारी मी वही घेऊन सरांच्या शेजारी मागच्या सीटवर बसले. बाई पुढे स्टिअरिंगला. कुठे किती धक्का बसतो, सगळं टिपायचं ठरवलं होतं.

सर माझ्याकडे बघून डाव्या बाजूने थोडं हसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. खड्डा आला की त्यांचा चेहरा आखडायचा. मी लिहायचे. सावच्या अलीकडे रस्त्यात एक लहानसा पूल आहे, मधे उंचवटा असलेला. बाईंनी गाडी त्यावर घातली. मागची बाजू वर उडाली, खाली आली, परत उडाली, परत खाली, परत! आणि सरांच्या घशातून आवाज आला. "अं... अं... अं..."

मी लिहिलं, 'पुलावर तीन उसळ्या. सर कण्हतात.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

परत आल्यावर गणूदादांनी गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन सोडला. गाडी वर-खाली, वर-खाली, वर-खाली. "चांगली गाडी येकदा उटते आनि गप बसते. ही पाळना झालीय. मागचे शॉकअप गेले."

टायरमध्येही हवा दगडासारखी भरलेली होती. पंपावरच्या माणसाने बाईंना सांगितलं होतं, ॲव्हरेज वाढतं! हवा योग्य केली. झिजलेले बुश बदलले. उसळी जिरवणारे मागचे दोन्ही शॉकअप पुण्याहून एसटीच्या पार्सलने मागवले, ते यायला दोन आठवडे गेले. चेहरा आखडायची एकही जागा ठेवायची नाही, अशी मी प्रतिज्ञाच केली होती. शॉकअप मी स्वतःच्या हाताने बसवले. गणूदादांना नटसुद्धा आवळू दिला नाही.

* * *

त्यानंतरचा शनिवार. महिनाअखेरीला चार दिवस उरले होते. मी परत सरांच्या शेजारी. तीन उशांपैकी दोन काढून टाकलेल्या.

काय गाडी झाली होती! खड्डा आला की मऊ 'धुप्' व्हायचं आणि गाडी पुढे. सरांचा चेहरा एकदाही आखडला नाही. माझी वही कोरी. मी मनातल्या मनात कोइंबतूरच्या सगळ्या प्राध्यापकांना बोलावून मागच्या सीटवर बसवत होते.

पूल आला. बाईंनी गाडी घातली. एकदा वर, एकदा खाली. संपलं! आवाज नाही, काही नाही. मी विजयी नजरेने सरांकडे पाहिलं. ते पुलाकडे मान वळवायचा प्रयत्न करत होते. मान पुरेशी वळेना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंच्या पाठीकडे पाहिलं आणि मांडीवरच्या हाताकडे बघत बसले.

सावला आम्ही दोघींनी त्यांना कुंडाच्या काठावर बसवलं, पाय पाण्यात सोडले. बाईंनी पदराने त्यांचं कपाळ टिपलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"छान केलीस हो गाडी. खरंच छान."

"मग मुलाला फोन करून सांगा ना, विकायची नाही म्हणून!"

"सांगते. आज संध्याकाळीच सांगते."

पण आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता.

"बाई, काही राहिलंय का? अजून कुठे धक्का बसतो?"

"नाही गं. धक्का कुठेच बसत नाही." मग वर्गात एखादं पोर चुकलं तर त्याला उभं न करता सांगावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "त्या पुलावर मी गाडी मुद्दाम थोडी जोरात घालायचे."

"मुद्दाम?"

"लग्न झालं तेव्हा सर मला सायकलवर डबलसीट घेऊन असेच उंचवट्यांवरून जोरात काढायचे. मी ओरडले की हसायचे. झटका आल्यापासून घरात त्यांचा आवाज म्हणून नाही. त्या पुलावर तेवढा यायचा, हसण्याचा. माझंच चुकलं. तुला आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं, गाडी कितीही सुधारली तरी पूल काय, पूलच राहील."

मी माझी वही मांडीखाली सरकवली. 'सर कण्हतात' लिहिलेलं पान त्यांना दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या आधी गॅरेजात आले, भंगारातून मागचे दोन जुने शॉकअप ओढून काढले आणि पुसायला बसले. मामा आला.

"बाईंच्या गाडीचे?"

"हो. बुश नवेच राहू देत, टायरमधली हवाही तीच. मागचे शॉकअप तेवढे हे बसवायचे. बाईंशी बोलले मी. गाडी फक्त महाड ते साव जाणार, ताशी तिसाच्या आत. घाटात नाही, हायवेला लांब नाही."

"इंजिनिअर बाई, गाडी उसळेल ना!"

"उसळू दे," मी म्हटलं.