एक टक म्हणजे हो

“बोला, ऐकतेय मी.”

फोन उचलला की ताईंचं पहिलं वाक्य हेच. समोरचा हिंदी बोलणारा असला, तर “बोलिए, सुन रही हूँ.” भोपाळच्या आमच्या कारखान्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाकी सगळ्या जणी नुसतं “हॅलो” म्हणायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “अगं, तो बोलायला आलाय. कुणीतरी ऐकतंय, एवढं आधी कळू दे की त्याला.”

मी नागपूरहून नवीन लागले, तेव्हा त्यांच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. तुमच्यापैकी कुणी तशी खोली पाहिली असेल, तर तो आवाज अजून कानात असेल. दोरीच्या टोकाची पिन बोर्डात शिरताना होणारा खट्ट, हेडफोनमधली खरखर आणि लांबच्या गावचा फोन लागताना आधी येणारी ती समुद्रासारखी घूं. पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, बोर्ड उचलून नेला आणि आम्हा दोघींना चौकशीच्या टेबलावर बसवलं. भिंतीपलीकडे नवी यंत्रं दिवसभर कडकडायची.

“आपल्याशिवाय बोलतायत बघ सगळे,” ताई म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहायच्या.

त्यांचे यजमान कारखान्यातच मशीनवर होते. मशीनच्या गदारोळात आयुष्य गेल्यामुळे ते फोनवरही ओरडूनच बोलायचे. जेवणाच्या सुट्टीत रोज त्यांचा फोन. “डबा खाल्ला काय?” हे मला माझ्या खुर्चीवर स्पष्ट ऐकू यायचं.

“अहो, फोन कशाला करता? शेडच्या दारात उभं राहून बोला, येईल ऐकू,” ताई म्हणायच्या आणि आम्ही सगळ्या हसायचो.

ते रिटायर झाले आणि त्याच हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. साकेत नगरच्या हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द येणार नाहीत.

मूलबाळ नव्हतं. ताईंनी नोकरी सोडली असती, तर बरखेड्यातलं कारखान्याचं क्वार्टरही गेलं असतं. ताई सकाळी त्यांना खुर्चीत बसवून यायच्या. शेजारच्या भाभी अधूनमधून डोकावायच्या. ताईंच्या कामामुळे घरात कारखान्याचा फोन होता, तो त्यांनी खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला.

एका दुपारी चौकशीचा फोन वाजला. ताईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं. पलीकडून उत्तर नाही, नुसता श्वास. त्या फोन ठेवणार, तेवढ्यात थांबल्या.

“तुम्ही आहात का?”

पलीकडे डायल फिरली. एकचा आकडा. टक.

ताईंनी पदर तोंडावर धरला. मग मला म्हणाल्या, “अगं, बोलले.”

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फोन यायला लागला. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नऊचा आकडा फिरवला की टकटकटक लांबत जायची. म्हणजे स्वारी चिडली.

“मुळ्याची भाजी केली म्हणून इतकं?” ताई म्हणायच्या. “बरं बाई, उद्या नाही करत.” मग इकडच्यातिकडच्या गोष्टी. कुणाची बदली झाली, भाव काय झालेत. पूर्वी त्या एवढं बोलायच्या नाहीत. आता दोघांचं त्यांना एकटीलाच बोलावं लागे.

असं कितीतरी महिने चाललं. मग एका दुपारी फोन आला, ताई बोलू लागल्या. “जेवलात ना?” टक आली. “औषध घेतलं?” काहीच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांचा चेहरा बदलला. रिसीव्हर कानाला तसाच ठेवून मला म्हणाल्या, “तू घरी जाऊन ये.”

“तुम्ही चला ना ताई, मी सोडते.”

“मी फोन ठेवला तर त्यांना वाटेल, मी उठून गेले. तू जा.”

मी मोपेडवरून गेले. भाभींनी दार उघडलं, आम्ही दोघी आत गेलो. ते खुर्चीतच होते, मान एका बाजूला कललेली, रिसीव्हर मांडीवर. हात धरून पाहिला आणि मला समजलं.

रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता. ताई अजून बोलतच होत्या. मी तो कानाला लावला. त्या थांबल्या. माझ्या श्वासावरूनच त्यांनी ओळखलं असावं.

“गेले ना?”

“हो, ताई.”

मग शांतपणे म्हणाल्या, “ठेवू नकोस अजून. त्यांच्या कानाशी धर.”

मी खाली बसले आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावून धरला. ताई काय बोलल्या ते मला माहीत नाही. ऐकू येऊ नये म्हणून मी तोंड फिरवलं होतं. खिडकीबाहेर भाभींचे कपडे वाळत होते. हात अवघडला, तो बदलून मी रिसीव्हर तसाच धरून ठेवला.