आईची रेघ

वैशाख असा तापला होता की हैदराबादच्या अंबरपेठेत दिवस उगवायच्या आधीच भिंतीला हात लावू वाटेना. रेणुकानं पहाटेच भाकरी-भाजी उरकली, कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केला आणि घाम पुसत फरशीवर मांडी घातली. पुढ्यात ड्रॉइंग शीट. वरच्या ओळीत पाली, तिच्याखाली मराठी, त्याखाली तेलुगू. पालीतल्या शब्दापासून त्याच अर्थाच्या मराठी शब्दापर्यंत स्केचपेनची एक रेघ, तिथून तेलुगूपर्यंत दुसरी. मराठी-तेलुगूच्या रेघा मागावरच्या धाग्यांसारख्या सरळ उतरायच्या. दोन्ही भाषांत वाक्याची चाल एकच. पालीच्या मात्र बाजेच्या सुंभासारख्या एकमेकींत गुंतायच्या.

पौर्णिमेपासून गल्लीतल्या विहारात पोरांचा वर्ग सुरू व्हायचा होता. पोरं घरी मराठी बोलत, शाळेत तेलुगू-इंग्रजी शिकत आणि मराठी वाचायची वेळ आली की चाचपडत. बुद्धवंदना तोंडपाठ, पण कोणता शब्द काय म्हणतो विचारलं की छताकडं बघत. त्यांच्यासाठी हे तक्ते. रेणुका नारायणगुड्याच्या एका शाळेत कारकून. दिवसभर रजिस्टरं लिहून डोळ्यांची आग व्हायची. तरी सगळ्यांनी तिलाच पुढं केलं, अक्षर चांगलं म्हणून. चांगल्या अक्षराची शिक्षा माणसाला जन्मभर भोगावी लागते.

मजकूर, म्हणजे पाली गाथा आणि प्रत्येकीखाली तिचा मराठी अर्थ, तिनं विहारातल्या पत्र्याच्या फळ्यावरून उतरवून आणला होता. तो फळा तिच्या सासऱ्यांच्या हातचा. श्रीपती सिकंदराबादला रेल्वेत पेंटर होते. स्टेशनांच्या नावांच्या पाट्या लिहिण्यात सारी नोकरी गेली. पुढं तयार छापील पाट्या आल्या, त्यांच्या पाट्या भंगारात गेल्या. काचबिंदूनं नजरही गेली. उरला हा फळा. आल्यागेल्याला म्हातारा सांगायचा, माझ्या हातचं आता तेवढंच हाय.

तिसऱ्या गाथेशी रेणुकाचा हात अडला. वर माता होती, पिता होता; खालच्या अर्थात मात्र ना आई, ना बाप. तिथं गोड बोलण्याविषयी लिहिलेलं. आईची रेघ तिनं तशीच लोंबती ठेवली आणि चौथीकडं वळली. तिथं उलटंच. आई-बाप खाली अर्थात बसलेले, वर पालीत त्यांचं नाव नाही. दोन गाथांचे अर्थ एकमेकींच्या घरात राहायला गेले होते. इतकी वर्षं कुणाला उमगलं नाही, कारण विहाराची रीतच तशी: आधी सगळी पाली एका दमात म्हणायची, मग सगळा अर्थ एका दमात. शब्दाला शब्द लावून कुणी बघितलंच नव्हतं.

तिचा मुलगा धम्मदीप विहाराच्या कमिटीचा नवा सेक्रेटरी. चहा पिता पिता तो वाकून बघून गेला. त्याच्याकडं उत्तर तयार होतं.

"मम्मी, फ्लेक्स मारू ना. तो फळा तसापण गंजलेलाय. मिस्टेक हाय म्हणलं की कमिटी उद्याच काढंल."

"आजोबाला काय सांगायचं?"

"आजोबाला दिसतंय का?"

रेणुकानं स्केचपेनला टोपण लावलं. तो कप तिथंच ठेवून निघून गेला.

दिवसभर ऑफिसात तिचं लक्ष लागेना. फळ्यावर आहे तसंच तक्त्यावर लिहावं, तर पोरं चुकीचं शिकणार. खरं लिहावं, तर म्हाताऱ्याचं उरलंसुरलं भंगारात जाणार. बसमध्ये उभ्या उभ्या पाय भरून आले तरी काही सुचलं नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढताच तिनं सांगून टाकलं.

"मामा, फळ्यावर तिसरीचा अर्थ चौथीला गेलाय. चौथीचा तिसरीला."

श्रीपतींनी तिच्या आवाजाकडं मान वळवली. बोलली ती सासू कोंडाबाई, पदरानं वारा घेत. "सारी टेसनं लिवली ह्यांनी. नशीब, गाड्या पाटी बघून चालत न्हाईत."

म्हातारा हसला नाही. त्यानं रेल्वे यार्डात पाट्या रंगवायची पद्धत सांगितली. तिथं आधी सगळ्या पाट्यांवर तेलुगू लिहायचे, मग सगळ्यांवर हिंदी, मग इंग्रजी. एका लिपीवर हात बसला की ती संपवूनच उठायचं. विहारातही त्यानं तेच केलं. पहिल्या दिवशी सारी पाली, मधे जागा सोडून. दुसऱ्या दिवशी सारा अर्थ. दोन्ही जोडून कधी वाचलंच नाही.

"काढणार म्हण की आता," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. रात्री जेवला नाही. कोंडाबाईनं ताट दोनदा नेलं, दोनदा परत आणलं.

सकाळी रेणुका चहा घेऊन गेली, तर म्हातारा उठून बसलेला.

"आईची रेघ वडलीस का तू, कागदावर?"

"न्हाई मामा. लोंबतीच हाय."

"मग फळ्यावरच वड. तांबडा ऑइलपेंट आण. आई जिथं हाय तिथपतूर न्हेऊन जोड. कुणी इचारलं तर सांग, पेंटरनंच सांगितलंय."

सुट्टीच्या दिवशी धम्मदीपनं तोंड वाकडं करून विहाराचं कुलूप काढलं. श्रीपती प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, रेणुका स्टुलावर चढली. तिसऱ्या गाथेपासून चौथीच्या अर्थापर्यंत एक रेघ, चौथीपासून तिसरीच्या अर्थापर्यंत दुसरी. मधे दोघींची फुली झाली.

"रंग गळाला का गं?" खालून म्हाताऱ्यानं विचारलं.

"एक थेंब."

"खालून वर टिप. वरून पुसलीस तर लांबंल."

तिनं टिपलं. धम्मदीप फळ्याजवळ गेला. रंगाला बोट न लावता त्यानं मातेपासून रेघ धरली आणि ओठ हलवत, अक्षर अक्षर जुळवत, खाली आईपर्यंत आला. वंदना त्याला लहानपणापासून पाठ होती. तो पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"राहू दे," तो म्हणाला. "फ्लेक्सवाल्याला नक्को म्हणून सांगतो."

श्रीपतींनी कूस बदलल्यासारखं खुर्चीत अंग हलवलं आणि घरी चला म्हणाले, भूक लागलीय.

रेणुकाचा खांदा भरून आला होता, हाताला टर्पेंटाइनचा वास येत होता. उरलेले तक्ते अजून तसेच होते. घरी येऊन तिनं म्हाताऱ्याला वाढलं, मग गच्चीवर गेली. उन्हानं कपडे कडक वाळले होते. ती एकेक काढून, झटकून, घड्या घालू लागली.