वाडीने घातलेला गडगा

“बाई, कंपाउंड वॉल आहे? हो की नाही, एवढंच सांगा.” फोनवर केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांवरचे साहेब.

“नाही. निधी कधी येणार?”

“परिपत्रकात निधीचं काही नाही. पण महिन्याभरात भिंत झाली नाही तर शाळा बंद. मुलं दुसरीकडे पाठवावी लागतील.”

धामापूरच्या पुढे एका वाडीत माझी शाळा. चौदा मुलं, मी एकटी शिक्षिका. दुसऱ्या शाळेत जायचं तर घाटीची, म्हणजे डोंगरातली उभी वाट चढावी लागे. पहिलीतली पोरं तिथवर चालणार कशी? मी पार घाबरून गेले.

शाळा समितीचे अध्यक्ष बाबीकाका काजूचे बागायतदार. ते हसलेच. “बाईनू, भिंत कित्याक होयी? गडगो घालूया.”

गडगा म्हणजे सिमेंट न लावता दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. इथे प्रत्येक बागेला असतं.

रविवारी सगळी वाडी जमली. बाबीकाकांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या पोरांची शाळा हयच ऱ्हांव दे रे म्हाराजा!” सगळे ओरडले, “होय म्हाराजा!” मीसुद्धा. बायकांनी डोक्यावरून दगड आणले. दुपारी पेज आणि भाजलेला सुका बांगडा. चार रविवारांत गडगा उभा राहिला. इतकी सुखी मी नोकरीत पुन्हा झाले नाही. आता निवृत्त झाले, तरी ते रविवार आठवले की गलबलून येतं.

केंद्रप्रमुखांनी फोटो काढले. “शाबास बाई!” फॉर्मवर मी ऐटीत ‘हो’ लिहिलं. भिंत कोणाच्या पैशातून झाली, असा रकाना त्यात नव्हता.

पुढच्या परिपत्रकात आमचाच फोटो. खाली सूचना: लोकसहभागातून भिंत होते, निधीची वाट पाहू नये.

शेजारच्या गावातल्या गुरुजींचा फोन आला. “बाई, आमच्याकडे म्हातारेच उरलेत. बाकी सगळे मुंबईला, नाहीतर गोव्यात. दगड कोण उचलणार?”

जूनमध्ये त्यांची शाळा बंद झाली. तिथली सहा मुलं चालत माझ्या शाळेत आली. पहिल्याच दिवशी त्यांतली एक छोटी मुलगी बाकावर डोकं टेकून झोपली. मी तिला उठवलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

‘हो’च्या पुढे ‘सरकारी निधी मिळाला नाही’ एवढं लिहायला जागा होती. पेनही माझ्याच हातात होतं.